वटवाघळांची दुपटी

सगळ्यात आधी जॉयसचं नाव लिहून टाकतो. एकदा गोष्ट रंगात आली की माणूस स्वतःचंच कौतुक लिहीत सुटतो, आणि ज्याच्यामुळे सगळं घडलं तो शेवटच्या ओळीत अंग चोरून बसतो. माझ्याकडून तसं व्हायला नको. तर, जॉयस. वय पंच्याहत्तरच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, राहणार क्वीन्सलँडच्या उत्तरेला, जंगलाच्या कडेवर. तिने मला तीन आठवडे घरात ठेवलं, जेवू घातलं, आणि मला इंग्रजी वाचता येत नाही हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखूनसुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत तसं जाणवू दिलं नाही. माझ्या नातेवाइकांपैकी एकालाही हे जमलेलं नाही.

मी दिलीप. मूळचा नागपूरचा. शाळा आठवीत सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि कूलर दुरुस्तीच्या दुकानात बसलो. वीस-बावीस वर्षं लोकांच्या कूलरचं जुनं गवत काढून नवं भरलं. मग माझी बायको मंदा नर्स म्हणून ऑस्ट्रेलियात आली आणि तिच्या व्हिसाला शेपटासारखा लटकून मीही आलो. आता आम्ही मेलबर्नच्या डँडेनॉन्ग भागात राहतो. मी जवळच्याच एका गोदामात खोकी चिकटवतो. शिफ्टला जातो, शिफ्टवरून येतो. या दोन्हीच्या मध्ये काही विपरीत घडेल का, याची काळजी करतो.

अशा माणसाला तीन हजार किलोमीटरवरच्या जंगलात कोण पाठवेल? माझी मोठी बहीण. तिची मुलगी प्रेरणा इथेच युनिव्हर्सिटीत प्राण्यांचा अभ्यास करते. तिला नोव्हेंबरात तीन आठवडे जॉयसकडे कामाला जायचं होतं. बहिणीचा नागपूरहून फोन आला. "दिलीप, पोरगी एकटी जंगलात जाते म्हणे. तू सोबत जा."

"मामा, मी चोवीस वर्षांची आहे," प्रेरणा म्हणाली. "आणि तू ट्रेनचं स्टेशन चुकलं की मला फोन करतोस. नक्की कोण कोणाच्या सोबत चाललंय?"

मंदा म्हणाली, "जाऊन या हो. सुट्टी शिल्लक आहे, आणि घरात बसून तुम्ही धड चालणारे पंखे खोलता."

जाऊन आलो. तुम्ही कोणी तिकडे गेला नसाल, म्हणून लिहितो.

केर्न्सहून वर

"काम कसलं आहे?" असं मी निघण्यापूर्वी चारदा विचारलं होतं. प्रेरणा दर वेळी म्हणायची, "अनाथ पिल्लं सांभाळायची, मामा. सो क्यूट." मला वाटलं कांगारूची असतील. विमान ढगांच्या वर गेल्यावर, म्हणजे मला उतरता येणार नाही याची खात्री झाल्यावर, तिने सांगितलं.

"वटवाघळं आहेत."

आमच्या आईच्या मते वटवाघूळ घरात शिरलं की घरातला एक माणूस कमी होतो. आम्ही बौद्ध, असलं काही मानत नाही, हे मी आईला अनेकदा समजावलंय. पण त्या क्षणी विमानात मला आईचंच म्हणणं पटायला लागलं.

"घाबरू नकोस, तुला हातच लावता येणार नाही," प्रेरणा म्हणाली. वटवाघळांच्या चाव्यातून वाईट रोग होऊ शकतो. त्यामुळे ज्याने आधी लस घेतलीय त्यालाच त्यांना शिवायची परवानगी. लशीच्या तीन सुया. प्रेरणाने त्या कधीच टोचून घेतल्या होत्या. मला सुईचं नाव काढलं तरी घेरी येते. लग्नाआधी रक्ततपासणीला गेलो तेव्हा मंदाने मला धरून ठेवलं होतं, आणि तीच आमची खरी पहिली भेट. म्हणून हात लावता येणार नाही हे ऐकून मी खिडकीबाहेर पाहून दुःखी झाल्यासारखं केलं.

केर्न्सच्या विमानतळावरून गाडी घाट चढायला लागली. आपल्याकडे घाटात जंगल रस्त्यापासून जरा अदबीने उभं असतं. इथे ते खिडकीत डोकावतं. झाडावर वेल, वेलावर शेवाळ, त्यावर आणखी कसलीतरी पानं. वर पठारावर आलो तर एकदम शेतं. मका, भुईमूग, गाई. शेतांच्या मधेमधे जंगलाचे तुकडे, जुन्या गोधडीवर ठिगळं लावावीत तसे. प्रेरणा म्हणाली, "आधी सगळं जंगलच होतं. आता एका तुकड्यातलं बी दुसऱ्या तुकड्यात कोण नेणार? झाडं तर चालत नाहीत. ही वटवाघळं नेतात. फळं खातात, लांब उडतात, बी टाकतात."

"म्हणजे कुरिअर," मी म्हणालो.

"हो. आणि कुरिअरवालेच मरतायत."

जॉयस फाटकात उभी होती. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्यापुढे दोन पानी फॉर्म ठेवला. घरातले नियम, वाचून सही करायची. प्रेरणा सामान उतरवत होती. मी पान समोर धरून कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली, पान उलटलं, पुन्हा मान हलवली. जॉयस बघत होती. मग ती म्हणाली, आणि तिचं बोलणं हळू असल्यामुळे मला कळत होतं, "माझ्याकडे नियम आहे. हा फॉर्म मी प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवते. नाहीतर लोक न वाचताच सही करतात." तिने दोन्ही पानं वाचली. मधेमधे हातवारे करून. चावण्याचं कलम आलं तेव्हा तर दात दाखवून.

पाच मिनिटांनी प्रेरणा आली. तिला जॉयसने नुसतं पेन दिलं.

तेव्हा मला कळलं की असा काही नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कपाजवळ कामांची यादी होती. तिच्यात अक्षर एकही नाही. बादली, सफरचंद, सुरी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि शेवटी एक खुर्ची व चहाचा कप. अशी यादी रोज आली. सगळ्या माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत.

धोबी

इथल्या वटवाघळांची जात डोळ्यांभोवती फिकट केसांची वर्तुळं असलेली. चष्मा घातल्यासारखी, मारकुट्या हेडमास्तरसारखी दिसतात. त्यांच्या आयांना इथे एक विषारी गोचीड लागते, अंग लुळं पडतं आणि आई झाडाखाली मरते. पिल्लू तिच्या छातीला तसंच चिकटून असतं. केव्हिन नावाचा शेजारचा शेतकरी रोज सकाळी झाडांखाली फिरून ही पिल्लं गोळा करून आणायचा. माणूस चांगला, पण बोलायचा दोनच शब्द. "येह, नाह" म्हणजे नाही, आणि "नाह, येह" म्हणजे हो. एवढं इंग्रजी मला लगेच आलं.

आणलेल्या पिल्लाला जॉयस दुपट्यात गुंडाळायची. खरंखुरं दुपटं, हातरुमालाहून जरा मोठं, मऊ. तोंडात चोखायला रबरी बोंडी. एकोणीस पिल्लं ओळीने, आपल्याकडच्या बाळंतिणीच्या वॉर्डासारखी. आणि एकोणीस पिल्लांची दुपटी दिवसातून चार वेळा बदलायची. ती कोणी धुवायची? ज्याला पिल्लांना शिवता येत नाही त्याने. रबरी हातमोजे घालून, कढत पाण्यात.

आईला व्हिडिओ कॉल केला. "जय भीम, आई."

"जय भीम. हे मागे दोरीवर काय रे एवढं? कोणाचं बाळ?"

मी खरं सांगितलं. आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन दोरी नीट बघितली.

"काहून रे दिलीप," आई म्हणाली, "स्वतःच्या पोराची दुपटी कधी धुतली नाहीस, आन् ऑस्ट्रेलियात जाऊन वटवाघळाची धुतोस?"

मागून मंदाचं हसू ऐकू आलं. आईने तिलाही कॉलवर घेतलं होतं.

पिल्लांना जॉयस दर वर्षी एका प्रकारची नावं ठेवते. यंदा फळांची पाळी होती. प्लम, पीच, लेमन असं चाललेलं. सगळ्यात लहान, केव्हिनने सर्वात शेवटी आणलेलं, त्याचं नाव तिने मला ठेवायला सांगितलं. नागपूरचा माणूस दुसरं काय ठेवणार? संत्री. मादी होती. ती जाळीतून माझ्याकडे टक लावून बघायची आणि मी तिच्याकडे. लहानपणी आमच्या तळ्याकाठच्या चिंचेवर असली वटवाघळं लटकायची आणि आम्ही पोरं गुलेलने त्यांच्यावर नेम धरायचो. माझा नेम चांगला होता. हे मी जॉयसला सांगितलं नाही. दुपटी मात्र दोनदा पिळायला लागलो.

जेवणाचं सांगतो. तिथे रात्रीचं जेवण साडेपाचला, ऊन अजून अंगणात असताना. सकाळी टोस्टवर एक काळं खारट वंगण लावतात. मी पंख्याच्या बेअरिंगला ज्या जाडीने लावतो त्या जाडीने लावलं. ही चूक कोणी करू नये. बदला म्हणून नाही, पण एका संध्याकाळी मी मसालेभात केला आणि मंदाने दिलेला ठेचा टेबलावर ठेवला. केव्हिनला ती चटणी जॅमसारखी काहीतरी वाटली. त्याने चमचाभर तोंडात टाकली. डोळ्यांतून पाणी, कान लाल. जॉयस उठून उभी राहिली.

"येह, नाह," केव्हिन म्हणाला. मग थोड्या वेळाने, "नाह, येह." आणि बरणी स्वतःकडे ओढली.

माझी फजिती

जॉयसच्या शेडच्या दारावर, चौकटीला पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. आपण पोरांची उंची मोजतो तशा. मी विचारलं, "तुझी मुलं?" ती हसली. म्हणाली, "दर उन्हाळ्यातला सर्वात तापलेला दिवस. एका डिग्रीला एक वीत." जुन्या रेघा तिच्या कमरेशी होत्या. अलीकडच्या तिच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. ती तिथे नवीन राहायला आली तेव्हा नोव्हेंबरात संध्याकाळी स्वेटर लागायचा म्हणे. पठाराची थंडी म्हणूनच ही जंगलं टिकली. या प्राण्यांना आणखी वर पळायला डोंगर शिल्लक नाही. आणि बेचाळीसच्या आसपास गेलं की वटवाघळं झाडावरून पिकल्या फळांसारखी गळतात.

"बेचाळीस?" मी प्रेरणाला म्हणालो. "हा आपला एप्रिल. बेचाळीसला आम्ही बाहेर उभं राहून चहा पितो."

"मामा, तू पितोस. ही नाही पीत."

पिल्लांच्या खोलीत एसी होता, जुना, खोकणारा. मला राहवलं नाही. मी म्हणालो, कूलर करून देतो. प्रेरणा म्हणाली, "मामा, इथे ह्युमिडिटी असते." वीस वर्षं कूलर केलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे आचाऱ्याला मीठ ओळखायला लावणं. मी भुईमुगाची रिकामी पोती मागितली, जुन्या पिंजऱ्याच्या जाळीवर शिवली, वर भोकं पाडलेला पाइप, खाली टब, टबात जॉयसच्या बागेतल्या तळ्याची छोटी पाण्याची मोटर, आणि आत पंखा. दोन दिवस खपलो.

चालू केल्यावर खोलीची अंघोळीची मोरी झाली. हवा आधीच ओलीचिंब, तिच्यात मी आणखी पाणी घातलं. भिंती पाझरल्या. पिल्लं चिडून ओरडायला लागली. चाळीस दुपट्यांतलं एकही वाळेना, सगळ्यांना कुबट वास. ओल्या हवेत कूलर चालत नाही. समुद्राकाठच्या गावात कूलर विकू नये, हे माझ्या उस्तादाने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मीच विसरलो.

"नो वरीज, लव्ह," जॉयस म्हणाली आणि एसी पुन्हा लावला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पाहुणा म्हणून आलो आणि एकोणीस लेकरांना सर्दी करून ठेवली. कूलर मी शेडमागे लपवला.

सकाळच्या यादीत बादली होती, सफरचंद होतं, आणि खुर्चीशेजारी आज एक बिस्किटही काढलं होतं.

वारा

चौदाव्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटला. तिकडे पठारामागे कोरडा मुलूख आहे, तिथली भट्टीसारखी हवा. सकाळी नऊलाच गाई सावलीत जाऊन बसल्या. अकराला प्रेरणाने बाहेरचा पारा वाचला तेव्हा तिचा आवाज बदलला होता. चाळीस. बाराच्या सुमारास एसी एकदा खोकला, दिवा मिचकावला आणि सगळं गप्प.

लाईट गेली.

ऑस्ट्रेलियातही लाईट जाते! खरं सांगतो, एक क्षणभर मला घरच्यासारखं वाटलं. मग जॉयसचा चेहरा पाहिला. ती फोनवर बोलली, फोन ठेवला. लाईट संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. केव्हिनने कुंपणाच्या कामाचा लहानसा जनरेटर आणला. पण त्यावर एसी चालेना, दोन मिनिटांत बंद.

खोलीत पारा एकोणचाळीस. पिल्लं दुपट्यांतून पंख बाहेर काढून जिभेने ओले करत होती. मोठी वटवाघळं शेवटी शेवटी असंच करतात, हे प्रेरणाने मला सांगितलं होतं. दोघी पाण्याचे फवारे मारत होत्या. संत्री नुसती लटकली होती, तोंड उघडं, फवाऱ्याला डोळेही मिटत नव्हती.

मला हात लावता येत नव्हता. मी बाहेर गेलो, कारण बघवत नव्हतं, आणि सवयीने दोरीवरची दुपटी चाचपली. दहा मिनिटांपूर्वी घातलेली. पापडासारखी कडकडीत वाळली होती.

दोन आठवडे ही दुपटी वाळायला अख्खी दुपार घेत होती. त्या घरात हवेची नाडी माझ्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती, कारण धोबी मी होतो. ही हवा माझा कूलर फसला त्या दिवसाची नव्हती. ही नागपूरची होती.

मी दुपटं घेऊन आत धावलो. "कूलर! जॉयस, कूलर!"

"मामा, प्लीज," प्रेरणा म्हणाली. "मागच्या वेळी काय झालं माहितीय ना? आता चुकलं तर मरतील ती."

पुढचं इंग्रजीत कसं सांगायचं ते मला येईना. घाम, वाफ, कोरडी हवा, यातला एकही शब्द जिभेवर येत नव्हता. म्हणून मी दुपटं जॉयसच्या हातात दिलं. तिने ते चुरगळलं. कडकड वाजलं. तिने दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"लाव," ती म्हणाली.

कूलर शेडमागून काढला, खिडकीत ठोकला. जनरेटरवर पंखा आणि मोटर आरामात चालले. पण खिडकी मोठी, पोती कमी. उरलेल्या फटीत मी माझी सोलापुरी चादर भिजवून लावली. लग्नात माझ्या मामांनी दिलेली. मग मी समोरचं दार उघडायला गेलो तर प्रेरणाने मला अडवलं. बाहेर बेचाळीस, आणि दार उघडायचं?

"एसीला दार बंद लागतं," मी मराठीत ओरडलो, "कूलरला उघडं! हवा आत आली तर बाहेर नको जायला?"

तिने भाषांतर करायच्या आत जॉयसने दार सताड उघडलं होतं.

पंख्याचा आवाज, पाण्याची ठिबक, आणि ओल्या पोत्यांचा वास. आमच्या दुकानाचा वास. प्रेरणा पारा वाचत होती. अडतीस. छत्तीस. तेहतीस. एकतीसला संत्रीने तोंड मिटलं. मग मोठी जांभई दिली आणि माझ्याकडे हेडमास्तरसारखं पाहिलं. उशीर का झाला, असं.

संध्याकाळपर्यंत मी पोत्यांवर पाणी ओतत राहिलो. केव्हिन ओढ्याकाठच्या झाडांखालून वटवाघळांच्या टोपल्या भरून आणत होता, आणि काही टोपल्यांत एकही जिवंत नव्हतं. त्याने त्या दिवशी त्याचे दोन शब्दही वापरले नाहीत. पण जी जिवंत होती ती सगळी खोलीत बसवली. एकोणीसची सव्वीस झाली. त्या खोलीत त्या दिवशी एकही दगावलं नाही.

लाईट आल्यावर जॉयस पेन्सिल घेऊन दाराशी गेली. टाचा उंचावल्या, हात ताणला. पोचेना. तिने पेन्सिल माझ्याकडे दिली. मीही टाचा उंचावून रेघ मारली. मारताना आनंद काहीच वाटला नाही. बेचाळीसला चहा पिण्याची फुशारकी मी पुन्हा कधी मारणार नाही. नागपूरचं ऊन नागपुरात राहिलेलंच बरं.

परत

निघताना मी विचारलं, तू कधी कुठे जात नाहीस का? प्रेरणाने भाषांतर केलं. जॉयसची धाकटी बहीण टास्मानियात असते. बहिणीचा वाढदिवस नोव्हेंबरात, आणि नोव्हेंबरात पिल्लं. कित्येक वर्षांत ती गेली नाही. पिल्लांना हात लावू शकेल असा माणूस तीन आठवडे मिळत नाही.

मी चादर परत घेतली नाही. ती अजून खिडकीत आहे. मंदाला अजून सांगितलेलं नाही, हे वाचूनच कळेल.

गेल्या आठवड्यात डँडेनॉन्गला जॉयसचं कार्ड आलं. अक्षर एकही नाही. एक वटवाघूळ पंख पसरून उडतंय, त्याच्या खाली संत्र्याची फोड. म्हणजे संत्री उडाली. मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. मग खाली पाहिलं. कपडे वाळत घालायची एक रिकामी दोरी. एक बुटकी बाई, हातात सुटकेस. आणि तिच्यापुढे ओळीने तीन सुया, जरा जास्तच मोठ्या काढलेल्या.

मंदाने कार्ड बघितलं. "मी टोचू का?" एवढंच म्हणाली.

जॉयस, प्रेरणा तुला हे इंग्रजीत वाचून दाखवेल. तारीख देत नाही, कारण मी स्वतःला ओळखतो. पण एखाद्या नोव्हेंबरात मी तिन्ही सुया टोचून घेऊन तुझ्या फाटकात उभा राहीन. दुपटी मी धुवीन, बाटल्या मी पाजीन, आणि दारावर रेघ मारायची वेळ आलीच तर तीही मीच मारीन. तू खुशाल बहिणीकडे जा. जाण्याआधी फक्त माझ्यासाठी तीन आठवड्यांच्या याद्या काढून ठेव. आणि सुई टोचताना मला धरायला किती जण लागतील, हे आईला कोणी सांगू नये.